भाड्याच्या घरातली अखाजी

२२ फेब्रुवारी १९७१, बोर्डी

पोचलो एकदाचे. भुसावळहून सुरत, सुरतेहून घोलवड, तिथून टांगा. अंगातलं एकेक हाड कुठे आहे ते कळलं. टांगेवाल्याने चाबकाने दाखवलं, "हा समुद्र." समोर नुसता ओला चिखल, मैलभर. हे खाली उतरले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "फसवलं. मले वाटलंच होतं." सावद्याचा केळीचा व्यापारी, घड उलटासुलटा करून बघितल्याशिवाय कधी हो म्हणाला नाही. समुद्र तेवढा न बघता घेतला.

सामान लावलं, चहा केला, तोवर पाणी कुंपणाजवळ आलेलं. हे कप हातात धरून उभेच. मग मला समजावून सांगितलं, "ही भरती असते." जसं काही यांनीच सोडलं पाणी.

२४ फेब्रुवारी

जळगावच्या डॉ.नी सांगितलेलं लिहून ठेवते, हे विसरले की दाखवता येईल. दोन-तीन महिने वखारीचं नाव नाही. जिना नाही. ऊन नाही. राग नाही. (शेवटचं कसं जमवायचं ते डॉ. बोलले नाहीत.) गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा छातीत कळ आली, दिवाळीनंतर पुन्हा. दुसऱ्या वेळी वखारीतच, वॅगन भरायच्या गडबडीत. हमालांनी उचलून घरी आणलं तेव्हा ओठ निळे होते. ते ओठ मला अजून दिसतात.

वखार आता मधू बघतो. आमचा मुलगा. यांना ते पटलेलं नाही, पण पटल्यासारखं करतात.

२७ फेब्रुवारी

घरमालकीण जरबाई. पारशी, सत्तरीची, एकटी. मागे बंगला, पुढे चिकूची वाडी, वाडीच्या तोंडाशी आमच्या दोन खोल्या. ती गुजराती बोलते, मी माझ्या साक्रीच्या माहेरची अहिराणी लावून देते. बरोबर चालतं. हे मधे बसून दोघींकडे बघतात. यांची सावद्याची बोली इथे कोणाला लागू पडत नाही. चौतीस वर्षं मला "तुमचं साक्रीचं बोलणं" म्हणून हसले, आता बसा.

१ मार्च

आज एक नवीन. यांना वाढलं आणि उभी राहिले, तर म्हणाले, "आता कोनाची वाट पायते? बस ना." खरंच की. सावद्याला पुरुषांची पंगत, मग पोरंसोरं, मग आम्ही बायका, तोवर भाकरी गार. इथे दोनच ताटं. बसले. कोणी दारातून येईल असं वाटत राहिलं. हे म्हणाले, "भाजी चांगली झाली." लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. आधी पण चांगलीच होत असणार, पण हे जेवून उठून गेल्यावर मी खाणार, तर सांगणार कोणाला.

८ मार्च

सकाळी दोघं पाण्याच्या कडेने चालतो. यांच्या हातात जोडे. डोक्यावर टोपी मात्र आहेच. आज म्हणाले, हे आपल्या तापीचं पाणी. मी म्हटलं, तापी सुरतेकडे मिळते, इथे कुठली. "पानी काय एका जागी बसून राह्यते?" खरं तर मला आवडलं ते.

जरबाईच्या विहिरीपाशी केळीचं बेट आहे. हे रोज तिथे जाऊन तोंड वाकडं करून येत होते. आज विळा मागून घेतला आणि बुडाशी फुटलेली जास्तीची पिलं कापून टाकली. जरबाई चिडेल वाटलं, तर तिने यांना लिंबाचं सरबत दिलं.

१५ मार्च

माझी फजिती. उन्हाळा आला म्हणून बिबडे, ज्वारीचे पापड, घातले. ज्वारी भिजवली, कांडली, पहाटे घाटा शिजवला, जुन्या धोतरावर थापले. जरबाई खुर्ची टाकून बघत होती. सावद्याला सकाळी घातलेले संध्याकाळी कडकडीत वाजतात. इथे संध्याकाळी हात लावला तर सकाळपेक्षा ओले. दुसऱ्या दिवशी तेच. आज चौथा दिवस, बुरशी धरली. खाऱ्या हवेचा हिशेबच डोक्यात आला नाही. आमच्याकडे ऊन म्हणजे ऊन. जरबाई म्हणते, मला माहीत होतं. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तू एवढी खुशीत होतीस.

२७ मार्च, पाडवा

गुढी उभारली, जरबाईची काठी. दुपारी हे बंगल्यावर जाऊन आले, चेहरा फुललेला. "सुशीच्या माय, मे महिन्याच्या अखेरपर्यंत घर ठरवून आलो. आता घाई नाही." आधी मलाही आनंद झाला. मग पुरण वाटता वाटता हात थांबला. पाडवा झाला, आता अखाजीला, अक्षय तृतीयेला, महिना. मी विचारलं, "आणि अखाजी?"

यांच्या लक्षातच नव्हतं.

२८ मार्च

सुशी आमची एकुलती लेक. पिंपळनेरला दिली, आठ वर्षं झाली. अखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसते, चार दिवस कोणी त्यांना पाणी भर म्हणत नाही. सासरी सोसतात ते सगळं त्या चार दिवसांच्या आशेवर. गेल्या वर्षी नेमकं अखाजीच्या आठवड्यात हे जळगावला दवाखान्यात. मधू तिथे, मी तिथे. मुराळी म्हणून सुशीला आणायला कोणी गेलंच नाही. तिच्या नणंदा आल्या, ही त्यांना वाढत राहिली. तिचं कार्ड आलं होतं, "दादांची तब्येत जपा, माझी काळजी करू नका." तेवढंच. मी ते कार्ड अजून ट्रंकेत तळाशी ठेवलंय.

सलग दुसऱ्या वर्षी मूळ गेलं नाही तर पिंपळनेरचे लोक काय धरतील ते सांगायला नको. आणि लोकांचं जाऊ दे. सुशी काय धरेल?

३१ मार्च

सगळे रस्ते बघून झाले. मधू जाऊन तिला सावद्याला आणेल. आणेल, पण सून शैला स्वतः अखाजीला माहेरी जाणार. का नाही जाणार, तीही कोणाची लेक आहे. म्हणजे सुशी येऊन कुलपाला नमस्कार करणार.

मग आपण परत जाऊ. हे लगेच तयार. "चल, सामान बांध." इतक्या चटकन तयार झाले की मला वखारच दिसली. पहिल्या दिवशी सकाळी "सहज चक्कर मारून येतो" म्हणतील. एप्रिलचं ऊन, वॅगन, हमालांवर ओरडणं. मला भीती वाटते. इथे यांचा चेहरा माणसासारखा झालाय, मला तो घालवायचा नाही.

आणि खरं लिहायचं तर मला स्वतःलाही जायचं नाही. एका वेळी दोन ताटं, एवढंच हवंय. लेकीची अखाजी एका बाजूला आणि आईला असं काही हवंसं वाटतं, लाज वाटते लिहिताना. पण वाटतं.

२ एप्रिल

जरबाईने तोडगा काढला. "दीकरीला इथेच बोलाव ने." मी हसले. मग नकाशा डोळ्यापुढे आणला तर हसण्यासारखं काही नाही. पिंपळनेरहून नवापूर, नवापूरला गाडीत बसलं की सुरत, मग घोलवड. सावद्यापेक्षा जवळच पडेल. यांनी व्याह्यांना पत्र लिहिलं. तीनदा फाडलं. या दोघांचं सुशीच्या लग्नातच बिनसलेलं, मानपानावरून. तेव्हापासून पत्रात "सा.न.वि.वि." च्या पुढे गोडी नाही.

१२ एप्रिल

व्याह्यांचं उत्तर. अक्षर मोत्यासारखं, मजकूर दगडासारखा. "माहेर म्हणजे आईबापाचे घर. परमुलखात भाड्याच्या खोलीत, समुद्रावर सून पाठवण्याची आमच्यात रीत नाही. आपण हवा खात आहात, आनंद आहे." खाली त्याच कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने, सुशीचं अक्षर: "माय, माले येनं शे." यायचंय तिला.

हे कार्ड वाचून बाहेर गेले. ओहोटी होती. खूप लांबवर चालत गेले, टोपी एवढीशी दिसायला लागली. मी कुंपणाशी उभी. डॉ.नी राग नको म्हटलंय हे कोणाला सांगू, व्याह्यांना?

१३ एप्रिल

संध्याकाळी मीच चिडले. भाडं ठरवताना एका शब्दाने विचारलं असतंत तर. हे म्हणाले, "चुकलं." मी पुढचं भांडण तयार करून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

१९ एप्रिल

हे म्हणतात, "मीच जातो पिंपळनेरले."

मुराळी म्हणून भाऊ जातो, चुलत भाऊ जातो. बाप जात नाही. बाप दारात गेला म्हणजे टोपी पायाशी ठेवल्यासारखं. तेही त्या व्याह्यांच्या. शिवाय सुशीला अजून मूल नाही, आणि लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. यांच्या घरात हे फार कडक. म्हणजे एवढ्या उन्हात तिथे बसणार आणि घोटभर पाणी घेणार नाही. मी म्हटलं, मधूला पाठवू. तर म्हणाले, "मधूले ते काहीतरी बोलतील, तो उलटून बोलेल. माझंच पोरगं ना ते." मग म्हणाले, "मी मे अखेर म्हनून आलो तेव्हा पोरगी माझ्या ध्यानात नव्हती. मलेच जाऊ दे."

चहा केला.

२२ एप्रिल

आज यांनी झोका बांधला. बंगल्याच्या वाटेवर चिंच आहे, तिच्या आडव्या फांदीला. जरबाईच्या विहिरीचा जुना दोर, खाली पाट. शिडीवर जरबाईचा माळी चढला, मी यांना चढू दिलं नाही, हे खालून आरडाओरडा करत होते. गाठ तीनदा सोडवून घेतली. मी म्हटलं, ती येईल की नाही ते अजून ठरलं कुठे. "झोका बांधलेला असला म्हंजे सांगता येते ना, बांधून आलो म्हनून."

२३ एप्रिल

गेले. सकाळची गाडी. बरोबर फिरकीचा तांब्या भरून, दुसरा एक लहान तांब्या, दशम्या, चटणी, गोळ्यांची पुडी. गोळ्या कधी घ्यायच्या ते कागदावर लिहून खिशात घातलं. टांग्यात बसताना म्हणाले, "परवा संध्याकाळी येतो. दोघं नाही तर एक."

चौतीस वर्षांत एकटी घरात राहिलेली नाही मी. आज पहिल्यांदा. एकटीसाठी भाकरी टाकायला बसले तर पिठाचा अंदाजच येईना, चौघांची झाली.

२४ एप्रिल

जरबाई तिची खुर्ची आमच्या ओट्यावर घेऊन आली आणि दिवसभर गेलीच नाही. काही विचारत नाही, भरतकाम करत बसते. तिचा नवरा तरणाताठा असताना गेला, ते आज सांगितलं. एवढं सहज सांगितलं की मी हातातलं निवडणं थांबवलं, तर ती म्हणाली, "तू निवड, निवड."

व्याही काय म्हणाले असतील? हे काय म्हणाले असतील? पाणी पुरलं असेल का?

२५ एप्रिल

संध्याकाळची गाडी आली. टांगे दोन आले. एकात शाळेचे मास्तर, एकात कोणाचं तरी लग्नाचं सामान. हे नाहीत. दोघं नाही तर एक म्हणाले होते. एकसुद्धा नाही.

जरबाई म्हणाली, चांगलं आहे, तिकडे बोलणं चाललंय. नकार असता तर आजच आले असते. मला हे पटलं आणि नाहीही पटलं. छातीत कळ आली असेल, असं मनात आलं. लिहून टाकलं म्हणजे जाईल म्हणून लिहिलंय.

२६ एप्रिल

उद्या अखाजी.

सकाळची गाडी रिकामी गेली. मी पुरण घातलंच. तिघांचं. घागर घासून ठेवली, वाळा कुठून तरी जरबाईने आणून दिला. गौराईसाठी पाट मांडला, मूर्ती नाही, ती सुशी आली तर मातीची करेल, तिचा हात चांगला आहे. सगळं आवरलं तरी दुपारचे तीनच वाजलेले.

दोर तपासावा म्हणून चिंचेखाली गेले. वजन टाकून बघायचं तर बसायलाच हवं. बसले. लग्नानंतर झोक्यावर बसलेले नाही. आधी सासू होती, मग सुशी, मग सुशीसाठी दोर ओढायला मी. आधी जरा चक्कर आल्यासारखं झालं, मग पाय आपोआप लांब गेले. जरबाई ओट्यावरून बघत होती. हसली नाही.

आणि मग कळलं की झोका मोठा झाला की कुंपणावरून स्टेशनच्या रस्त्याचं वळण दिसतं. यांनी ते बघून बांधला की काय, माहीत नाही. तेव्हापासून इथेच आहे. वही घेऊन आले. थोडं लिहिते, थोडा झोका घेते, परत लिहिते. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून झोके घेतेय. सावद्याला कोणी बघितलं असतं तर...

सुरतेच्या गाडीची शिटी मघाशी झाली. स्टेशनवरून टांग्याला वेळ लागतो, वाटेत चढ आहे.

दोन झोके घेतले. रस्ता मोकळा.

आता एक टांगा वळला. पुढे टांगेवाल्याशेजारी हे. टोपीच आधी दिसली. ताठ बसलेत, हातात तांब्या. बरे आहेत. देवा, बरे आहेत.

मागच्या बाकावर टप ओढलेला आहे, ऊन लागू नये म्हणून. माणूस एकटा असला तर टांगेवाला मागचा टप ओढेल का? सामान असेल. नेताना सामान कुठे होतं यांच्याकडे.

अजून एक मोठा झोका घेऊन बघते.