ड्रायवरच्या खिडकीखालचे लाल ठिपके

ग्यानोबा,

टँकर आलाय, घागरी घेऊन रांगेला चाललो. तू बनवलेल्या रेल्वेच्या इंजिनाला मी सकाळी हात लावलाय, ओरडू नको. परवा चारचौघांत मी त्याला खेळणं म्हनलो, तवापासून तू माझ्याशी बोलून न्हाई राहिला. अरे, वरून इंजिन झकास हाय, पण खाली चाकांचा सांगाडा नव्या नवरीवानी चकचकीत होता! असलं चकचकीत इंजिन मी रेल्वेच्या तीस वर्षांत चालवलं न्हाई. म्हणून जुन्या चपलेचं रबर कापून ब्रेकचे गुटके बसवले. चाक घसरू नये म्हणून पुढं वाळू सोडायच्या नळ्या स्टोव्हच्या पिनच्या तारेच्या केल्या. मग तेलाचं बोट फिरवून वर अंगणातली धूळ फुंकली. यंदाच्या दुष्काळात धुळीला काय तोटा?

आता खुशाल ने जिल्ह्याच्या वाढदिवसाच्या प्रदर्शनात. कुणी इचारलं तर सांग, असलं इंजिन माझा बाप चालवायचा.

ड्रायवरच्या खिडकीखाली लाल ठिपके दिसतील, ते पुसू नको. तिथून पिचकारी मारल्याबिगर मी एक ठेसन सोडलं न्हाई. फक्त रंग कुठून आणला, ते तुझ्या मायजवळ बोलू नको. तिच्या लेखी मला पान सोडून वरीस झालं.

तुझा बाप