ताज्या लिंबाचा दाखला

५ फेब्रुवारी, बुधवार

आभाने डोळे उघडलेले नाहीत.

हवालदार म्हणाले, "अज्ञात वाहन, काका. शोध चालू आहे." अज्ञात! तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. अज्ञात म्हणजे न शोधलेले, एवढे मला कळते.

माझी लेक आभा ओवे गावामागच्या डोंगराची बेकायदा खोदाई मोजत होती. परवा परतताना सुकापूरच्या वळणावर तिच्या स्कूटरला धडक बसली. रुग्णालयाच्या पहारेकऱ्याने एवढेच पाहिले — एका डंपरवाल्याने तिला दारात ठेवले आणि नाव न सांगता पळ काढला.

प्रतिज्ञा: ज्याने ठेवले, त्यानेच उडवले. हेतू: तो पळाला. निर्दोष माणूस पळत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

खालच्या मजल्यावरचा नियाज गाड्या रंगवतो. त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ओव्याच्या दगडखाणीवर गेलो. नऊ डंपर उभे. आठांवर गेल्या शनिवारची लिंबू-मिरची, सुकून काळी पडलेली. नवव्यावर ताजी! चाकाशी फुटलेला नारळ, कुंकू. केबिनमध्ये सीटवर नवे कापड. ड्रायव्हर लिंबू बदलायचा शनिवार उगाच मोडत नाही. नियाजही म्हणाला, "गाडीला खून लागला, सर, की असं करतात."

खाणीचा मालक विनायक — माझा जुना विद्यार्थी निघाला. धुळीत वाकून पाया पडला. "सर, हेत्वाभास अजून पाठ आहेत मला!" त्याला सारा युक्तिवाद क्रमाने सांगितला. वर्गात कधी ऐकले नव्हते इतक्या लक्षपूर्वक त्याने ऐकले. मग म्हणाला, "तो शिवाचा डंपर. कालपासून कामावर नाही. सापडला तर आधी मला कळवा. पोलिसांकडे मी स्वतः नेतो, सर."

परतताना नियाज: "ती कव्हराखालची जीप बघितली? पुढचा पत्रा घाईत ठोकलाय. रंग अजून ओला आहे."

पहारेकरी डंपर म्हणतो. जीप अप्रस्तुत. तसे त्याला सांगितले.

"तुमी शिकलेले, सर. मी फक्त रंग ओळखतो."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

तिच्या नखांत अजून डोंगराची लाल माती आहे. नर्सला धुऊ दिली नाही. पुरावा म्हणून — असे तिला सांगितले.

९ फेब्रुवारी, रविवार

सापडला!

शिवा शिरढोणला बहिणीकडे लपला आहे, हे नियाजला गॅरेजात कळले. आम्ही दारात पोहोचताच तो मागच्या पडवीतून शेतात पळाला. नियाजने बांधावरून गाडी घातली; मी उतरून त्याला आडवा गेलो. वय एकाहत्तर — गुडघा फुटला, पण त्याची कॉलर सोडली नाही. दोघेही चिखलात. माझ्या हातात दगड होता. तो कधी उचलला, ते आठवत नाही.

"मी नाय मारली ताईला! देवाशपथ नाय!"

"मग पळालास का?"

तो रडतच म्हणाला, "पोलिसांकडं न्या, कुटंबी न्या. शेटला सांगू नका, बाबा. पाया पडतो."

मालकाला एवढे भिणे हेच अपराधाचे लक्षण मानले. दगड टाकला आणि विनायकला फोन केला. नियाज ओरडत होता, "आधी पोलिसांना लावा, सर! आधी पोलिसांना!" मी म्हणालो, विनायकने शब्द दिला आहे.

त्याची माणसे अर्ध्या तासात आली. शिवाला गाडीत बसवले. जाताना तो माझ्याकडे पाहत होता, त्यांच्याकडे नव्हे.

निगमन सिद्ध. तरी जेवण गेले नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आभाने डोळे उघडले. ओठांशी कान नेला.

"समोरून जीप आली, बाबा. विनायकच चालवत होता. शिवादादांनी पाहिलं सगळं. त्यांनीच उचललं मला."

शिवाचा फोन बंद. पोलीस ठाण्यात त्याला कोणी आणलेलेच नाही. एकुलता साक्षीदार मी शोधला, मी पकडला, आणि मीच —

पोलिसांना फोन केला. या वेळी आधी. खाणीवर जायला नियाज खाली गाडी सुरू करून उभा आहे. वही आभाच्या उशाशी ठेवतो. मी परतलो नाही, तर हा जबाब समजावा. गुरुवारचे, जीपचे पान आधी वाचावे.