तीन मजली कोल्ह्याचं काय झालं

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (शब्दशः घ्यावा. कंबर धरल्यामुळे पालथा पडूनच लिहितो आहे.) आपली तब्येत ठणठणीत असेल आणि ताई नेहमीप्रमाणे आपल्यावर रागावलेली असेल, असं धरून चालतो.

आमच्या गेम बनवणाऱ्या कंपनीत साहेबांनी मला तीन मजली उंच कोल्हा काढायला सांगितला होता. खऱ्या जगात उभा राहू शकेल असाच हवा, ही अटही त्यांचीच. तेव्हा आपण, गुरांचे डॉक्टर म्हणून, जेवताजेवता मला समजावलं होतंत की जनावर सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर वजन आठपट होतं, पण पायांची ताकद चौपटच वाढते. मी त्या वेळी भाताकडे लक्ष दिलं असतं तर आज सुखात असतो.

पाय मोडू नयेत म्हणून ते खांबासारखे जाड केले. एवढ्या धुडाला शिकार पुरणार कुठून, म्हणून त्याला पाला खायला लावला. पाला पचावा म्हणून पोट वाढवलं. (माझंही त्याच काळात वाढलं, पण ते कोणी विचारत नाही.) अंगातली उष्णता बाहेर पडेना, तेव्हा केस काढले आणि कान पार सुपासारखे केले. डोकं जड झालं म्हणून मान आखूड केली, मग तोंड जमिनीला पोचेना, म्हणून नाक लांबवलं. प्रत्येक पायरीला शास्त्राचा आधार होता, भावोजी. फक्त तीन महिन्यांत चार पावलं मागे सरून मी चित्र एकदाही पाहिलं नाही.

काल टेबल पुसताना सफाईच्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "हत्ती छान जमलाय हो!" साहेब मागेच उभे होते. त्यांनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता सोमवारच्या बैठकीत हा प्राणी नवा आहे हे सिद्ध करायचं, नाहीतर नोकरी गेली. खरं सांगतो, फार थकलोय. या वयात पुन्हा दारोदार अर्ज घेऊन फिरायचं त्राण नाही. पण आपल्याला कसलाही त्रास द्यायचा नाही. मन मोकळं केलं, इतकंच.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. आपल्या दवाखान्याच्या लेटरहेडवर "सदर प्राणी हत्ती नाही" असा दाखला सोमवारच्या आत मिळेल का? शिक्का जरा ठळक उमटवावा.

ता. क. २. चित्र मुद्दामच पाठवत नाही. ते पाहिल्यावर आपल्याला सही करवणार नाही.