वन्संच्या हाताला दोष नव्हता

१२ मार्च २०२६

चार महिने या वहीत एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल तिची माफी. आज लिहिते आहे तेही मृत्युपत्र.

मी, वय शेहेचाळीस, घरी केक आणि टॉफी करून विकणारी, डोके ठिकाणावर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. सोमवारी गळ्यातल्या गाठीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साधीच आहे." साध्या गोष्टींतच मी चुकते, म्हणून हे.

घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला. तो साक्षीदार व्हायला पेन घेऊनच आला होता.

"ज्याला मिळतं त्याची सही नको," मी म्हटले.

"मग मला काही देऊ नकोस, सही करतो."

वीस वर्षे असाच आहे. त्याचे आभार.

ओव्हन लेकीला. तिने तो विकला तरी मला वाईट वाटणार नाही. (वाटेल, पण तिने ते मनावर घेऊ नये.)

जाड बुडाचे पातेले आणि पाकाचा थर्मामीटर वन्संना, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला. लग्न झाले तेव्हा मला अंडे धड फोडता येत नव्हते. त्यांनीच मला ओव्हनसमोर उभे केले. आज जे चार पैसे मिळवते ते त्यांच्यामुळे.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचे लग्न होते. त्यांनी माझी टॉफीची कृती मागितली. तिच्यात कॉर्न सिरप (मक्याचा घट्ट पाक) होते आणि ते त्यांच्याकडे मिळेना. मी फोनवर घाईत म्हटले, "तेवढाच साखरेचा पाक घाला, फरक पडत नाही."

फरक पडतो. कॉर्न सिरप साखरेला पुन्हा दाणे धरू देत नाही. नुसता पाक धरू देतो. एक कप सिरपऐवजी सव्वा कप साखर आणि पाव कप पाणी घ्यावे, त्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर उकळावे. केकमध्ये मध चालून जातो. टॉफीत तो लवकर करपतो. मला हे सगळे ठाऊक होते. लिंबू सांगायचे राहिले.

दोनशे टॉफ्या रवाळ झाल्या. एक पाहुणा म्हणाला, "दात घासायला बरी आहे!" वन्सं सगळ्यांबरोबर हसल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "अगं, हातच बिघडला माझा." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. त्यानंतर त्यांनी टॉफी केली नाही. माझ्या टॉफीचे कौतुक मात्र येईल त्याला ऐकवतात.

मी मुद्दाम तर विसरले नव्हते ना, हे स्वतःला पुष्कळदा विचारले. नसावे. पण नंतरचे गप्प बसणे म्हणजे विसरणे नव्हते. म्हणून नोंद असावी: करणारीचा हात उत्तम होता, सांगणारी चुकली.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सही करण्याआधी हे सगळे वाचले, मी नको म्हणत असतानाही. चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे त्या रागावतील तेव्हा ऐकायला तुम्ही नसणार. सोय चांगली आहे."

मी पेन त्यांच्यापुढे सरकवले. त्यांचेही आभार.

लिहून देणारी: (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई (सही); खालचे चष्म्याचे दुकानदार (सही)
स्थळ: आमचे स्वयंपाकघर. दिनांक वर दिला आहे.

उद्याचे काम: पहिल्या बसने वन्संकडे जाणे. सांगून होईपर्यंत त्यांच्या हातचा चहा घ्यायचा नाही.