पहिल्या ओळीतलं नाव

इंदूर, गुरुवार, १४ नोव्हेंबर २००२

आज सांवेर रोडच्या एका कारखान्याचे मॅनेजर घरी आले होते. गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारा आमच्या सुहासचा प्रोग्राम ते वापरतात. सुहासने तो सगळ्यांना मोकळा दिला होता. वापरा, बदला, पण पहिल्या ओळीतलं नाव काढू नका आणि पुढेही असाच मोकळा द्या, एवढीच अट. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

"काकाजी, आता हा कंपनीच्या नावाने विकायचाय. वडील म्हणून या कागदावर सही करा, बस. फ्री की चीज़ पर नाम कौन देखता है?"

मी म्हटलं, आधी दाखवा. त्यांनी लॅपटॉप उघडला. पहिल्या ओळीत सुहास. त्याखाली आणखी तीन नावं! ज्यांनी प्रोग्राम सुधारला त्यांची. एक नागपूरचा, दोघं परदेशातले. तारखा याच वर्षीच्या.

कापड मिल बंद होईपर्यंत मी तिथल्या घडी खात्यात, कापड तपासून घड्या घालायच्या कामावर होतो. थानाच्या टोकावर विणणाऱ्याचा नंबर नसेल, तर थान पुढे सोडत नसे. पहिली ओळ पाहून तेच आठवलं.

"सुहासचं नाव मी काढणार नाही. आणि या तिघांच्या वतीने सही मी कशी करू?"

"काकाजी, आप तो वकील निकले!" त्यांनी कागद परत खिशात घातला.

एवढं बोललो कसा मी?

ते गेल्यावर हिने विचारलं, "काय म्हणत होते?"

म्हटलं, "आपल्या सुहासचं काम अजून चालू आहे."