डावी बाजू विज्ञानाची

५ ऑक्टोबर १९९७, रविवार
संकल्प: बाबांची काळी अ‍ॅम्बॅसॅडर वैज्ञानिक पद्धतीने चमकवणे. शुक्रवारी आयुधपूजेला एका सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर भाड्याच्या गाड्या उभ्या राहणार. कंपनीच्या श्यामला मॅडम त्यातली एक निवडणार. निवड झाली तर वर्षभराचं काम; बाबांचं स्टेशनवर गिऱ्हाईक शोधणं बंद. बाबा वीस वर्षं फडक्यानेच पॉलिश करताहेत. घरात पहिली ग्रॅज्युएट मी, तीही फिजिक्सची. आता हे बघत बसवत नाही.

७ ऑक्टोबर
यशवंतपूरला मल्लाप्पाकाकांच्या गॅरेजमधून ऑर्बिटल बफर, म्हणजे विजेवर चालणारं पॉलिशचं मशीन, आणला. घरी बनशंकरीपर्यंत बसमध्ये मांडीवर. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो, शिवाय फेऱ्याही मारतो, थेट पृथ्वीसारखा. काका म्हणाले, आधी भंगारातल्या दारावर हात बसव, स्वल्प जपून. गरज नाही. माहितीपत्रक दोनदा वाचलंय.

८ ऑक्टोबर, सकाळी ८
पॅड आधी पत्र्यावर टेकवायचा, मग बटण दाबायचं. हे पान चारवर आहे. पाठ होतं, फक्त वेळेवर आठवलं नाही. पॉलिश भिंतीवर, आईच्या वाळत घातलेल्या साडीवर आणि शेजारच्या अंबूबाईंच्या चष्म्यावर. अंबूबाई म्हणाल्या, "माझं झालं ग, अक्का, आता गाडीला लाव."
थट्टा होणारच. नवीन काही करायचं म्हणजे.

९ ऑक्टोबर, दुपारी ४
डावी बाजू पूर्ण! पत्रक म्हणतं, दाबू नका, मशीनचं वजन पुरे. पत्रक लिहिणाऱ्याला शुक्रवारची घाई नसावी. मी दोन्ही हातांनी दाबलं. वरून वॅक्स. उजवीकडे वळले आणि करंट गेला. हरकत नाही, उद्या पहाटे तासाभराचं काम.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ६
करंट आहे. बफर देवासमोर आहे. हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून, बाबांच्या पान्यांशेजारी. आई म्हणाली, आज हत्यारांना सुट्टी, हात लावून तर बघ. मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. आई म्हणाली, "सरी, बरं. मग माझी साडी कोण धुणार, ग्रॅज्युएटबाई?"
बाबा धोतराचा मऊ तुकडा घेऊन उजवीकडे बसले. म्हणाले, "हात काही पूजेला ठेवलेले नाहीत."
बिचारे. वेळ थोडा, तंत्र जुनं.

तोच दिवस, संध्याकाळ
गेटवर श्यामला मॅडमनी गाडीभोवती फेरी मारली. उजव्या दारापाशी थांबल्या, त्यात बघून टिकली नीट केली. डावीकडे उन्हात गोल गोल चरे दिसत होते. विचारलं, "हे डिझाइन आहे का?" मी त्यांना पृथ्वीपासून समजावू लागले. बाबा मध्येच म्हणाले, "शिकतेय, मॅडम."
त्या म्हणाल्या, गाडी पसंत. सोमवारपासून या. डावी बाजू मात्र उजवी केली त्याच माणसाकडून करून घ्या.
दृष्ट काढायचा कोहळा आमच्या गाडीपुढे फुटला. आई रडली.
निष्कर्ष: डावी बाजू होती म्हणून उजवी उठून दिसली. तेव्हा निम्मं श्रेय माझंच.
घरी आल्यावर बाबांनी धोतराचा तुकडा माझ्या हातात दिला. म्हणाले, उद्या माझ्याबरोबर बस, हळूहळू येईल.
माहितीपत्रक पुन्हा चाळलं. यावर त्यात काहीच नाही.