सगळ्यात वर आलेली बातमी

४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो. एका परीने बरंच आहे. फोनवरचं बोट विचाराच्या आधी धावतं. पत्राला निदान पाकीट तरी शोधावं लागतं.

तुझे वडील गेल्यापासून तुझ्या सोयरिकीची चौकशी माझ्याकडे आली. मुलगा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, शांत आहे, तुला पसंत आहे, असं तुझ्या आईने सांगितलं होतं. पण कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या कानावर दिवसभर चोरांच्याच गोष्टी पडतात. दुकानात बसल्या बसल्या मी मोबाइलवर त्याचं नाव टाकलं आणि पुढे ‘फसवणूक’ हा शब्द टाकला. सगळ्यात वर बातमी आली. नाव तेच, आडनाव तेच, धंदाही पाण्याचाच. पाणी शुद्ध करायची बनावट यंत्रं विकून लोकांना गंडवलं, अटक झाली. माझ्या हातातली कानस खाली पडली. बातमी तशीच घरच्या ग्रुपवर टाकली, ‘वेळीच कळलं’ असं वर लिहिलं, आणि सोयरीक मोडल्याचा निरोपही मीच दिला.

तुझी आई म्हणाली, मुलाला एकदा विचारायचं होतंस. मी म्हटलं, चोर कधी कबूल करतो का? पण तेव्हापासून देवापुढे बसलो की मन लागत नाही. मी बरोबरच केलं ना, एवढं लिही. रागावली असलीस तरी मामावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नाही मामा, बरोबर केलं नाहीत.

ती बातमी तुम्ही उघडलीत, पण तळापर्यंत गेला नाहीत. तिथे बारीक अक्षरात तारीख आहे, तेरा वर्षांपूर्वीची. तेव्हा हा मुलगा नववीत होता. लिहिणाऱ्याचं नाव नाही, फोटो नाही. कुठून तरी उचललेली दिसली. म्हणून तिच्यातलं एक वाक्य घेऊन पुन्हा शोधलं, तर मूळ वर्तमानपत्रातली बातमी सापडली. आरोपी पन्नाशीचा, भलत्याच शहरातला. वर आलं म्हणून खरं मानायचं? वर्गात जो आधी हात वर करतो त्याचंच उत्तर बरोबर असतं का?

आणि तुम्ही विचारलंत तरी काय? मुलगा कसा आहे, हे नाही. याने कोणाला फसवलं, हे. मग मोबाइल तेच आणून देणार. आमच्या दवाखान्यात लोक जनावराबरोबर निदानही घेऊन येतात. गाय लंगडतेय, खुरात काटा आहे, म्हणतात. मी खूरच बघत बसले तर मोडलेला खुबा दिसायचा कधी?

ग्रुपवरून बातमी त्याच्या कचेरीत पोचल्याचं माझ्या कानावर आलं. साहेबांनी त्याला बोलावून जाब विचारला. त्याच्या आईने जिना उतरणं सोडलं आहे. मला तो आवडला होता, मामा. अजूनही आवडतो. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

प्रकृतीला जपा. आज याहून गोड लिहिता येत नाही.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दुकानाचं शटर ओढून घेतलं. गिऱ्हाइकाला तोंड दाखवण्याची लाज वाटली.

आधी ग्रुपवर लिहिलं की बातमी दुसऱ्या माणसाची होती, चूक माझी. चार जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तुझ्या थोरल्या मावशीने विचारलं, ते सगळं ठीक, पण मग या मुलाला पोलिसांनी सोडलं कधी? तेव्हा कळलं, खोटं पळत जातं आणि खरं त्याच्या मागे लंगडत.

मग त्यांच्या घरी गेलो. वडील शिंपी आहेत. गळ्यात टेप तशीच ठेवून त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाले. आई बाहेर आल्या नाहीत. मी हात जोडले तेव्हा ते शांतपणे म्हणाले की आम्हीही तुमची नावं शोधली होती. माझ्याच नावाचा एक कुलूपवाला गिऱ्हाइकांच्या किल्ल्यांच्या नकला करून घरं फोडायचा म्हणे. त्याची बातमी त्यांना सापडली होती. मुलाने तारीख पाहिली, गाव पाहिलं, फोटोतला चेहरा पाहिला, तो मी नव्हे हे कळलं, आणि तरीही एक दिवस माझ्या गल्लीत येऊन झेरॉक्सवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, माणूस सरळ आहे, फक्त बोलतो फार. एवढं ऐकून मुलाने ते पान बंद केलं. घराबाहेर कोणाला शब्द सांगितला नाही.

भिंगरे, धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझी अब्रू त्याने न सांगता राखली, आणि त्याची मी चव्हाट्यावर मांडली.

वडील म्हणाले, माफी मुलाची मागा. तसाच प्रयोगशाळेत गेलो. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याच्या साहेबांसमोर मोठ्याने सांगितलं की खोटं मी पसरवलं. त्याने मला पाणी दिलं, आलात बरं केलंत म्हणाला. लग्नाचं विचारायची छाती झाली नाही. निघताना एवढंच म्हणाला, त्याबद्दल मी तिच्याशीच बोलेन.

आता फोन उचल, बाळ. माझा नाही उचललास तरी चालेल.

तुझा अपराधी,
मामा


२८ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

त्याचा फोन आला. तुमच्यावर तो रागावलेला नाही. तुम्ही साहेबांसमोर बोललात, तेव्हापासून कचेरीतले लोक नीट वागतात म्हणाला.

मग त्याने एकच विचारलं. बातमी आली त्या दिवशी त्याने मला फोन केला होता, मी का उचलला नाही?

मामा, तुम्हाला तारीख, तळ, मूळ बातमी, सगळं मी ऐटीत शिकवलं. पण ते मी पाहिलं तुमचं पत्र आल्यावर. त्याआधी आठवडाभर मी ती बातमी खरीच धरली होती. फोन वाजताना मी त्याच्या नावाकडे नुसती बघत बसले. तुम्ही त्याला ओळखत नव्हता. मी तर त्याच्याशी तासन् तास बोलले होते.

हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, मला थोडे दिवस दे. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तुम्ही दुकान उघडा. स्वतःला अपराधी लिहू नका. लिहायचंच असेल तर दोघांना लिहा. आईला यातलं काही बोलू नका, मी येऊन स्वतः सांगेन. आणि देवापुढे बसाल तेव्हा माझ्यासाठी होकार मागू नका. तो जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं बळ मागा.

तुमची,
भिंगरी